मुद्दल

२००७ साली आमच्या घरी एक जाडजूड लिफाफा आला होता. अण्णा, माझे वडील, तेव्हा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. पहिली पाळी संपवून घरी आले, हातपाय धुतले आणि चहा होईपर्यंत तो लिफाफा उलटसुलट करून बघत बसले. आत बारीक टायपातली इंग्रजी पत्रं, एक फॉर्म आणि परतीचं पाकीट. "वाच गं जरा," म्हणाले. मी नुकतीच एका सीएंच्या ऑफिसात हिशेब लिहायला लागले होते, त्यामुळे घरातलं सगळं कागदी काम माझ्याकडे आलं होतं.

सेसा गोवा या लोहखनिजाच्या कंपनीचे २० शेअर अण्णांकडे होते. दहा घेतलेले, दहा बोनसचे, म्हणजे कंपनीने फुकट दिलेले. कंपनीतला ५१ टक्के हिस्सा जपानच्या मित्सुईकडे होता आणि तो वेदांता या खाण उद्योगसमूहाने ९८ कोटी १० लाख डॉलरना विकत घेतला होता. कंपनीचा मालक बदलला की नव्या मालकाने बाकीच्या भागधारकांनाही बाहेर पडायची संधी द्यायची, असा शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा नियम आहे. तेव्हा ही ओपन ऑफर किमान २० टक्के शेअरसाठी द्यावी लागे, २०११च्या नियमांनी ते २६ टक्के केलं. आमच्या पत्रात भाव होता शेअरला २,०३६ रुपये.

"चाळीस हजार सातशे वीस होतात," मी मोठ्याने सांगितलं आणि घर एकदम जागं झालं. आईला स्वयंपाकघराची फरशी बदलायची होती. धाकट्याची कॉलेजची फी भरायची होती. जो तो आपापला हिशेब मांडायला लागला. अण्णांनी एकच विचारलं.

"खाण किती वर्षं पुरेल, ते लिहिलंय का?"

मी पानं चाळली. ऑफर कोण देतंय, भाव कसा काढला, पैसे कुठल्या बँकेत बाजूला ठेवलेत, फॉर्म कुठे पाठवायचा, सगळं होतं. जमिनीखाली माल किती उरलाय ते मला तरी सापडलं नाही. अण्णांनी फॉर्म घडी घालून पेटीत ठेवला. मुदत संपेपर्यंत तो पेटीतच राहिला. फरशी पुढे तीन वर्षांनी बदलली.

अण्णांचं गाव निफाड तालुक्यातलं. चुलत्यांची द्राक्षबाग होती, त्यामुळे जमिनीतून येणाऱ्या पैशाबद्दल त्यांच्या डोक्यात एक पक्कं गणित होतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग माल. गारपिटीने एक हंगाम गेला तरी वेल उभा असतो. खाणीचं तसं नाही, हे ते आम्हाला समजावत. गोव्याच्या डोंगरातून टनभर खनिज काढून जहाजात भरलं की तो टन कायमचा गेला. त्याच्यावर मिळालेला लाभांश आपण उत्पन्न म्हणून खर्च करतो, पण त्यात मुद्दल मिसळलेलं असतं. बाग विकत घेताना वेलीचं वय विचारतात, मग खाणीचं का विचारू नये?

त्या वेळी मला हा म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटला होता. आज वाटत नाही.

गेली काही वर्षं मी रोज सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाते. तिथे चार-पाच काका आहेत, कुणी बँकेतून निवृत्त, कुणी प्रेसमधून. पाच फेऱ्या झाल्या की बाकावर बसून शेअरवर बोलतात. धातूच्या आणि खाणीच्या कंपन्या निघाल्या की विषय दोनच. एक, "कुणी घ्यायला येणार आहे का?" दुसरा, "वरती भांडण लागलंय म्हणे." घ्यायला येणार असेल तर भाव चढेल म्हणून धरून ठेवायचं, संचालकांमध्ये भांडण असेल तर भाव पडेल म्हणून सुटायचं. ही सगळी माणसं मला जवळची आहेत, त्यांच्या पेन्शनीचा पैसा यात आहे, आणि त्यांची चिंता खरी आहे. पण या दोन प्रश्नांच्या आधी अण्णांचा प्रश्न यायला हवा, असं मला फार तीव्रतेने वाटतं.

कारण खाणकंपनी विकत घ्यायला येतो तो बहुधा स्वतः खाणवाला असतो. नवी खाण शोधायची, भोकं पाडून नमुने तपासायचे, जमीन, जंगल आणि पर्यावरणाच्या परवानग्या मिळवायच्या, यात दशक सहज जातं. त्यापेक्षा शेअरबाजारात पडलेल्या भावाने चालू खाण घेणं सोपं. आणि धातूचे भाव पडलेले असतात तेव्हाच हे शेअर स्वस्त असतात. म्हणजे ऑफर येते ती अशा वेळी, जेव्हा आपण घाबरलेले असतो आणि समोरच्याला खाली काय आहे ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

अण्णा पुढे एकदा पणजीला वार्षिक सभेलाही गेले. रात्रभर बस, सकाळी लॉजवर अंघोळ, इस्त्रीचा शर्ट. सभेत हात वर करून त्यांनी तोच प्रश्न विचारला, आणि साठ्याचा आकडा अहवालात दिला आहे असं उत्तर मिळालं. खरंच दिला होता, आम्हीच तिथवर पोहोचलो नव्हतो. परत येताना मांडवीच्या पुलावरून त्यांना खनिजाचे बार्ज दिसले, एकामागून एक, लाल मातीने भरलेले. घरी आल्यावर सभेबद्दल कमी आणि त्या बार्जबद्दलच जास्त बोलले. "डोंगर चाललाय गं पाण्यावरून."

तोवर २० शेअरचे ४०० झाले होते. २००८ साली एका शेअरचे दहा तुकडे झाले आणि वर एकास एक बोनस. दोन वर्षांनी त्यांची किंमत दीड लाखाच्या वर गेली, तेव्हाही त्यांनी विकले नाहीत. मग २०१२च्या सप्टेंबरात शहा आयोगाचा अहवाल आला, बेकायदा खाणकामाचा हिशेब बाहेर पडला, राज्य सरकारने आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं लोहखनिजाचं खाणकाम थांबवलं. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली, आणि २०१८ साली न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरणच रद्द केलं.

२०१२च्या त्या दिवाळीत मी अण्णांना बोलले होते. सात साली विकले असते तर, दहा साली विकले असते तर. फराळाच्या ताटासमोर बोलले. ते काही म्हणाले नाहीत, करंजी अर्धी ठेवून उठले. ते मला आजही खुपतं.

पुढे वेदांताचीच स्टरलाइट या कंपनीत मिळून गेली, नाव बदलत बदलत वेदांता लिमिटेड झालं. २०१८ साली अण्णा गेले. आई आणि धाकट्याच्या संमतीने ते ४०० शेअर माझ्या नावावर झाले.

आणि २०२० साली पुन्हा ऑफर आली. या वेळी लिफाफा नव्हता, ईमेल होता. करोनाच्या धक्क्यात मार्चमध्ये भाव साठीपर्यंत घसरला होता. मे महिन्यात प्रमोटरांनी, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांनी, जाहीर केलं की कंपनी शेअरबाजारातून काढून घ्यायची आहे आणि त्यासाठी शेअरला ८७.५० रुपये देऊ. आता भारतात डिलिस्टिंगचा, म्हणजे कंपनी अशी बाजारातून काढून घेण्याचा, एक नियम असा होता, आणि मला तो नियम मनापासून आवडतो, की अंतिम भाव प्रमोटर ठरवत नाही. भागधारकाने आपण कितीला विकू ते सांगायचं, आणि प्रमोटरचा हिस्सा ९० टक्क्यांवर पोहोचेल इतके शेअर ज्या भावाला जमतील तो भाव. याला म्हणतात रिव्हर्स बुक बिल्डिंग. कारखान्यातल्या माणसाने, शिक्षिकेने, पेन्शनरने स्वतः भाव टाकायचा.

५ ते ९ ऑक्टोबर असे ते पाच दिवस होते. ट्रॅक बंद, सगळे घरात. काकांचे फोनवर फोन. "दीडशे टाकू का?" "एकशे साठ?" "अगं, एलआयसीने ३२० टाकलाय!" एलआयसीकडे सहा टक्क्यांहून जास्त शेअर होते आणि तिने खरंच ३२० रुपये मागितले होते. एका काकांचा आवाज कापत होता. त्यांनी शंभरीच्या वर घेतलेले शेअर, त्यात मुलगा अमेरिकेत नोकरी गमावून बसलेला. मी त्यांना काय सांगणार? माझ्याकडे एक्सेल होतं आणि वडिलांचा प्रश्न होता.

मी त्या रात्री वार्षिक अहवालातली साठ्याची पानं उघडली. ती पानं मी सीएंच्या ऑफिसात इतकी वर्षं काम करूनही कधी शेवटपर्यंत वाचली नव्हती. आपल्याकडे ताळेबंद वाचायला शिकवतात. खाणीचं खरं ताळेबंद त्या तक्त्यात असतं: सिद्ध साठा, संभाव्य साठा, त्यात धातूचं प्रमाण किती, वर्षाला किती काढलं, त्याच्या जागी किती नवं सापडलं. राजस्थानचं जस्त, बाडमेरचं तेल. मी बराच वेळ भागाकार करत बसले. ८७ सोडा, माझ्या उत्तराच्या जवळपासही काही दिसत नव्हतं. मी एकही शेअर टाकला नाही.

हवे होते १३४ कोटी शेअर. पक्के झाले १२५ कोटी ४७ लाख. डिलिस्टिंग फसलं. पुढच्या व्यवहाराच्या दिवशी भाव कोसळला आणि मला काकांच्या घरी फोन करायची हिंमत झाली नाही.

मग २०२२-२३ या एका वर्षात वेदांताने शेअरला १०१.५० रुपये लाभांश दिला. पाच हप्त्यांत. चारशे शेअरचे ४०,६०० रुपये. २००७च्या लिफाफ्यातला आकडा ४०,७२० होता. मी बँकेचं पासबुक आणि अण्णांची वही शेजारी ठेवून खूप वेळ बसले होते. वीस शेअर विकून जे मिळणार होतं ते एका वर्षाच्या लाभांशात आलं, शेअर जागेवर ठेवून.

अण्णा असते तर पहिलं वाक्य काय बोलले असते ते मला माहीत आहे. "हे उत्पन्न का मुद्दल?"

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. वेदांताच्या हातातली जस्ताची कंपनी हिंदुस्थान झिंक, त्याच वर्षी तिने शेअरला ७५.५० रुपये वाटले, म्हणजे सुमारे ३१,९०० कोटी. वर्षाचा नफा होता साडेदहा हजार कोटींच्या आसपास. तिप्पट. वर्षानुवर्षं साठवलेली गंगाजळी वाटून टाकली गेली. वेदांताच्या लंडनमधल्या मूळ कंपनीवर कर्जाचा डोंगर होता आणि लाभांशाचा मोठा वाटा वर वर जात तिथे पोहोचत होता. माझ्या खात्यात आलेला थेंबही त्याच पाण्याचा.

त्या वर्षी पावसाळ्यात मी मुलाला घेऊन पांडवलेण्यांवर गेले. त्रिरश्मी डोंगरावरची ही लेणी आम्ही शाळेच्या सहलीपासून पाहतोय. पण दहाव्या लेण्यातला शिलालेख या वेळी मी वेगळ्या डोळ्यांनी पाहिला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि त्यांच्या वस्त्रासाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे पाऊण दराने. आणि अट अशी की हे कार्षापण परत द्यायचे नाहीत, फक्त त्यांचं व्याज वापरायचं. पुढे आहे की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे नोंदवून ठेवलं. एकोणीसशे वर्षांपूर्वी, गंगापूर धरणाच्या अलीकडे जे गोवर्धन आज आहे, त्या परिसरात. मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि जे ठरलं ते सगळ्यांसमोर वाचायचं. मी मुलाला दोनदा समजावून सांगितलं. त्याला भूक लागली होती.

खाणकंपनीच्या संचालक मंडळातली भांडणं मी आता याच दोन कसोट्यांवर तपासते.

जानेवारी २०२३ मध्ये हिंदुस्थान झिंकच्या मंडळाने ठरवलं की वेदांताच्या दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातल्या जस्ताच्या खाणी २९८ कोटी डॉलरना विकत घ्यायच्या. विकणारी वेदांता, घेणारी तिचीच कंपनी, पैसा घेणारीच्या गंगाजळीतला. मंडळावरच्या सरकारी प्रतिनिधींनी विरोध नोंदवला. कंपनीत तेव्हा वेदांताचे ६४.९२ टक्के होते, सरकारचे २९.५४. पण असा आपसातला व्यवहार मंजूर करताना ज्याचा त्यात हितसंबंध आहे त्याला मत देता येत नाही. उरलेल्या ३५ टक्क्यांत बहुतेक सगळं सरकारच. व्यवहार भागधारकांपुढे आलाच नाही, मुदत संपून बारगळला.

ट्रॅकवरचे काका तेव्हा म्हणाले, "सरकार आपल्या बाजूचं." मी त्यांना कोल इंडियाची आठवण दिली. २०१० साली २४५ रुपयांना आलेला तो इश्यू त्यांच्यापैकी दोघांना लागला होता. तिथे तेव्हा सरकारकडे ९० टक्के होते. लंडनच्या टीसीआय या गुंतवणूक फंडाकडे एक टक्का, तरी सरकारनंतरच्यांत तो सगळ्यात मोठा. कोळसा बाजारापेक्षा फार स्वस्त विकायला लावून बाकीच्या भागधारकांचं नुकसान होतंय, अशी तक्रार घेऊन २०१२ साली तो कंपनीच्या संचालकांविरुद्ध न्यायालयात गेला आणि २०१४ साली हिस्सा विकून बाहेर पडला. स्वस्त कोळशाने आपल्या नाशिकच्या एकलहऱ्याचं वीजकेंद्रही चालतं, त्यामुळे या भांडणात माझं मन पूर्णपणे फंडाच्या बाजूला कधीच गेलं नाही. पण सरकारने एका कंपनीत ९० टक्क्यांच्या खुर्चीत बसून जे केलं, तेच दुसऱ्या कंपनीत २९ टक्क्यांच्या खुर्चीत बसून अडवलं. बाजू माणसाची नसते इथे, खुर्चीची असते, आणि आमची खुर्ची कायम शेवटच्या रांगेतली.

तरी शेवटच्या रांगेतूनही काही घडतं. मे २०२० मध्ये रिओ टिंटो या खाणकंपनीने ऑस्ट्रेलियातल्या जुकान गॉर्ज इथल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवल्या. ४६,००० वर्षांपूर्वीपासून माणसाची वस्ती असल्याच्या खुणा तिथे होत्या, आणि मूळ रहिवाशांसाठी ती पवित्र जागा होती. मंडळाने आधी फक्त बोनस कापला. ऑस्ट्रेलियाच्या पेन्शन फंडांनी ते मानलं नाही, आवाज चढवला, आणि काही आठवड्यांत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह तिघा वरिष्ठांना जायची वेळ आली. पुढे अध्यक्षही पायउतार झाले. त्या फंडांतला पैसा तिथल्या नर्सेसचा, बांधकाम कामगारांचा. त्रिरश्मीच्या कड्याला कुणी सुरुंग लावला तर मला काय वाटेल, एवढाच विचार मी तेव्हा केला आणि माझ्या म्युच्युअल फंडाने कुठल्या ठरावावर काय मत दिलं ते पहिल्यांदा उघडून वाचलं. ते जाहीर असतं. वाचत कुणी नाही.

भांडी बाजारात आमचे एक जुने तांबटकाका आहेत. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "तांबं उतरेल का गं?" २०२४ साली बीएचपी या खाणकंपनीने अँग्लो अमेरिकन ही दुसरी खाणकंपनी घ्यायचा प्रयत्न केला तो मुख्यतः चिली आणि पेरूच्या तांब्यासाठी. बोली ३१.१ अब्ज पौंडांपासून ३८.६ अब्जांपर्यंत चढली, अँग्लोच्या मंडळाने तिन्ही वेळा नकार दिला. दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या आणि लोखंडाच्या कंपन्या आधी वेगळ्या काढा, ही बीएचपीची अट होती, आणि त्यातली जोखीम आमच्या भागधारकांवर येते असं मंडळाचं म्हणणं. शेवटी बीएचपी मागे फिरली, आणि पुढच्या वर्षी अँग्लोने कॅनडाच्या टेक या खाणकंपनीशी हातमिळवणी केली. मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. तांबटकाकांनी हातातला हंडा फिरवून दोन ठोके मारले.

"कंपनी कंपनीला विकत घेते त्याने तांबं वाढतं का? नवी खाण कोण खणतंय ते सांग."

मी ट्रॅकवर हे जसंच्या तसं सांगितलं. बाकावर थोडा वेळ शांतता होती.

आता काकांसाठी मी एक काम मागे लागून करते. कंपनीच्या सभेआधी ठरावांवर ऑनलाइन मत द्यायचं ई-व्होटिंग उघडतं तेव्हा सगळ्यांना फोन करते. मुदत सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला संपते आणि आमचे काका चारला जागे होतात. ओटीपी येत नाही, पासवर्ड आठवत नाही, तरी करतो. कायद्यात अशीही तरतूद आहे की दर्शनी किमतीने २० हजार रुपयांपर्यंतचे शेअर असणारे एक हजार लोक, किंवा अशा भागधारकांच्या एक दशांश, यातले जे कमी असतील तेवढे, एकत्र आले तर लहान भागधारकांचा एक संचालक निवडायची मागणी करू शकतात. एक हजार लोक. नाशिकसारख्या गावात हे अशक्य वाटत नाही मला.

गेल्या महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून अण्णांची पेटी खाली काढली. सात सालचा तो फॉर्म तळाशी होता. मला वाटत होतं कोरा असेल. त्यावर त्यांच्या ठळक अक्षरात नाव होतं, शेअरची संख्या २० लिहिलेली होती, आणि खाली सही होती. पूर्ण भरलेला. पाठीमागे पेन्सिलने एक भागाकार मांडलेला, अहवालातला साठ्याचा आकडा, खाली वर्षाचं उत्पादन. उत्तराभोवती वर्तुळ, आणि वर्तुळाच्या शेजारी माझं वय, धाकट्याचं वय.